क्षमा नाकारणारा नायक : ‘पनिशर’च्या पन्नास वर्षांचा मागोवा

कथेचा नायक हा सद्गुणांचा पुतळाच असला पाहिजे, ही अपेक्षा साहित्याने केव्हाच मागे टाकली आहे. नायकाच्या जागी उभा असलेला, पण नायकाला शोभणारे गुण अंगी नसलेला माणूस, ज्याला समीक्षेच्या भाषेत प्रतिनायक म्हणतात, तो कादंबरीत आणि नाटकात स्थिरावून बराच काळ लोटला. मुलांचे वाङ्मय म्हणून गणल्या गेलेल्या चित्रकथांत मात्र तो उशिरा आला. अमेरिकेतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचा ‘पनिशर’, म्हणजे ‘दंड देणारा’, हा अशा प्रतिनायकांपैकी सर्वांत वादग्रस्त होय. काळा पोशाख, छातीभर पसरलेली पांढरी कवटी आणि हातात बंदूक, असे त्याचे रूप. त्याच्या अंगी कोणतीही अलौकिक शक्ती नाही. तो उडत नाही, भिंतींवर चढत नाही. तो गुन्हेगारांना ठार मारतो, एवढेच त्याचे कार्य. २०२४ साली त्याच्या जन्माला पन्नास वर्षे पूर्ण झाली.

या पन्नास वर्षांत त्याचे चरित्र अनेक लेखकांनी लिहिले आणि त्या चरित्रांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. एका कथेत तो शोकाने दगड झालेला पिता आहे. दुसरीत रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यावर गोळी झाडणारा माथेफिरू आहे. तिसरीत तो देवदूतांनी मरणातून उठवून कामाला लावलेला सैनिक आहे. आणि आणखी एका कथेनुसार तो तरुणपणी कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत गेला होता. या शेवटच्या तपशिलापाशी आपल्यासारख्या वाचकाने क्षणभर थांबावे, असे वाटते. एकाच माणसाची इतकी विसंगत चित्रे का निर्माण झाली आणि त्या सर्वांमागे कोणता एक प्रश्न उभा आहे, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

जन्म : एक फसविला गेलेला मारेकरी

पनिशर प्रथम अवतरला तो स्वतःच्या मासिकात नव्हे, तर ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२९ व्या अंकात. त्या अंकावर फेब्रुवारी १९७४ हा महिना छापलेला आहे. लेखक जेरी कॉनवे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते आणि चित्रे रॉस अँड्रू यांची होती. कॉनवे यांनी काढलेल्या कच्च्या रेखाटनात छातीच्या एका बाजूला लहानशी कवटी होती. कलाविभागाचे ज्येष्ठ चित्रकार जॉन रोमिता यांनी ती वाढवून छातीभर केली आणि कवटीचे दात थेट कंबरेच्या काडतुसांच्या पट्ट्यापर्यंत नेले. कॉनवे यांच्या मनात या पात्राचे नाव ‘असॅसिन’, म्हणजे मारेकरी, असे होते. ‘पनिशर’ हे नाव स्टॅन ली यांनी सुचविले. नावातील हा बदल लहान नाही. मारेकरी पैशासाठीही मारतो. दंड देणारा मात्र आपण न्याय करतो आहोत असे मानतो.

त्या पहिल्या कथेत पनिशर हा खलनायकाचा हस्तक होता. जॅकल नावाच्या कपटी माणसाने त्याला स्पायडर-मॅन हा खुनी असल्याचे पटवून दिले आणि तो एका निरपराध तरुणाच्या मागे लागला. म्हणजे ज्याच्या नावातच दंड आहे, त्याचा पहिलाच निवाडा चुकीचा ठरला! त्याच्या निर्मात्याने त्याला आदर्श म्हणून नव्हे, तर एक प्रश्नचिन्ह म्हणून उभे केले होते, हे पुढील सारा इतिहास वाचताना विसरता कामा नये.

काळही तसाच होता. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक अमेरिकेच्या रस्त्यांवर दिसत होते. न्यूयॉर्क शहर गुन्हेगारीने त्रस्त होते आणि १९७५ मध्ये ते दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले. डॉन पेंडलटन यांनी १९६९ पासून लिहिलेल्या ‘एक्झिक्युशनर’ कादंबरीमालेत व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक आपल्या कुटुंबाच्या सर्वनाशानंतर माफियाविरुद्ध एकट्याने युद्ध पुकारतो. पनिशरचे मूळ त्या मालेत आहे. कायदा दुबळा झाला आहे, आता कोणीतरी हत्यार उचलले पाहिजे, ही भावना हवेतच होती आणि १९७४ सालच्या ‘डेथ विश’ या चित्रपटाने तीच पडद्यावर आणली.

दोन नियम, दोन माणसे

पनिशरच्या चरित्रातील पहिली विसंगती लेखकांच्या मतभेदातून आली नाही. ती छपाईच्या नियमांतून आली. अमेरिकेतील चित्रकथा-प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती. मुलांच्या हाती पडणाऱ्या रंगीत मासिकांत हिंसाचार किती दाखवावा, यावर तिचे बंधन होते. साहजिकच स्पायडर-मॅनच्या मासिकात पनिशरला हात आखडता घ्यावा लागे. परंतु मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांना ही संहिता लागू नव्हती. १९७५ साली ‘मार्व्हल प्रिव्ह्यू’ या अशाच मासिकाच्या दुसऱ्या अंकात कॉनवे यांनी प्रथमच त्याची पूर्वकथा सांगितली.

ती कथा थोडक्यात अशी. फ्रँक कॅसल हा मरीन दलातील सैनिक. पत्नी मारिया, कन्या लिसा आणि मुलगा फ्रँक यांच्यासह तो न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेला असतो. तेथे एका टोळीने केलेला खून हे कुटुंब अजाणता पाहते आणि साक्षीदार उरू नये म्हणून त्या सर्वांवर गोळ्या झाडल्या जातात. पत्नी आणि मुले मरतात. कॅसल जगतो. त्या दिवसापासून त्याचे स्वतःचे आयुष्य संपते आणि पनिशरचे सुरू होते.

अशा रीतीने एकाच संस्थेच्या दोन मासिकांत एकाच नावाची दोन माणसे वावरू लागली. रंगीत पानांवर स्पायडर-मॅनशी वाद घालणारा, बराचसा आवरलेला पनिशर. आणि कृष्णधवल पानांवर थंड डोक्याने माणसे मारणारा कॅसल. कोणता खरा, असे विचारण्यात अर्थ नव्हता. वाचकाच्या वयाप्रमाणे पात्राचा स्वभाव बदलत होता, इतकेच.

वेडा की शहाणा?

१९८० च्या दशकाच्या आरंभी हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९८२ साली फ्रँक मिलर यांनी ‘डेअरडेव्हिल’ मासिकाच्या १८३ आणि १८४ या अंकांत पनिशरला आणले. शाळकरी मुलांना अमली पदार्थ विकणाऱ्यांची ती कथा होती. डेअरडेव्हिल हा दिवसा वकिली करणारा आणि रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांशी झुंजणारा अंध तरुण. त्याचे कॅथलिक संस्कार मिलर यांच्याच लेखनातून पुढे ठळक झाले. १९८६ च्या ‘बॉर्न अगेन’ या कथेत त्याची हरवलेली आई एका धर्मभगिनीच्या रूपाने त्याच्यासमोर येते. या दोघांची गाठ घालून दिल्यामुळे पनिशरला प्रथमच तोलामोलाचा प्रतिवादी मिळाला. दोघांनाही तोच गुन्हा दिसतो, दोघांनाही तितकीच चीड येते. मात्र गुन्हेगाराला न्यायालयापुढे उभे करावे असे एक म्हणतो आणि त्याची गरज नाही असे दुसरा म्हणतो.

लगेच १९८३ साली ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’मध्ये बिल मँटलो यांनी निराळेच चित्र रंगविले. तेथे पनिशर वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांवर आणि रस्त्यात कचरा फेकणाऱ्यांवरही गोळ्या झाडू लागतो. पुढे त्याच्यावर खटला चालतो. पुष्कळ वाचकांना हा पात्रावरील अन्याय वाटला. पण थोडा विचार केला तर मँटलो यांचा तर्क निर्दय असला तरी खोटा नव्हता. ज्याने स्वतःलाच न्यायाधीश नेमले, त्याला मोठा गुन्हा आणि लहान चूक यांतील सीमा कोणी आखून द्यायची? न्यायालयाला कायद्याची वेस असते, अपिलाची सोय असते. एकट्या माणसाच्या रागाला अशी वेस नसते.

प्रकाशकाला मात्र हा तर्क परवडणारा नव्हता. १९८६ साली स्टीव्हन ग्रँट यांनी लिहिलेली आणि माइक झेक यांनी चितारलेली पाच अंकांची स्वतंत्र मालिका निघाली. तुरुंगात असताना कॅसलला गुपचूप औषधे दिली जात होती आणि म्हणून त्याचे डोके ठिकाणावर नव्हते, असा खुलासा तीत करण्यात आला. चित्रकथांच्या व्यवसायात जुन्या कथेवर नव्या कथेने असा पडदा टाकण्याची रीतच आहे. एका लेखकाने दाखविलेला दोष दुसऱ्याने औषधाच्या माथी मारला आणि नायक पुन्हा विक्रीयोग्य झाला. तरीही ग्रँट यांनी प्रश्न साफ पुसला नाही. त्यांच्या कथेत ‘ट्रस्ट’ नावाची एक प्रतिष्ठितांची गुप्त संघटना कॅसलला मदत करते आणि नंतर कैद्यांची मने वळवून पनिशरच्या नकला तयार करू लागते. या नकला पाहून कॅसल त्यांच्यावरच उलटतो. अनुकरणाचा हा धागा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मालिकेला लाभलेले यश अनपेक्षित होते, पण अकारण नव्हते. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका प्रवाशाने पैसे मागणाऱ्या चार तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि शहरातील पुष्कळ लोकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. लोकांच्या मनात जे आधीच होते, तेच बाजारात आले.

सेमिनरीतून निघालेला तरुण

१९८७ पासून पनिशरचे स्वतःचे मासिक सुरू झाले आणि त्याचे लेखन माइक बॅरन यांच्याकडे आले. १९८८ मध्ये ‘वॉर जर्नल’ आणि १९९२ मध्ये ‘वॉर झोन’ अशी आणखी दोन मासिके निघाली. तीन मासिके भरायची म्हणजे पूर्वायुष्यही वाढवावे लागते. कॅसल हा इटालियन वंशाचा, मूळ आडनाव कास्तिग्लिओने, कॅथलिक घरात वाढलेला, असे तपशील जमा होत गेले. याच काळात अशी भर पडली की तरुणपणी तो धर्मगुरू होण्याच्या इच्छेने सेमिनरीत दाखल झाला होता. पण वाईट कृत्ये करणाऱ्यांना क्षमा करणे आपल्याला जमणार नाही, हे जाणवून त्याने तो मार्ग सोडला.

पुढील बहुतेक लेखकांनी या तपशिलाकडे दुर्लक्ष केले. काहींच्या कथांत तर तो बसूच शकत नाही. तरीही पन्नास वर्षांच्या या पसाऱ्यात इतके मार्मिक निरीक्षण दुसरे नसेल. त्याने देवाला नाकारले म्हणून सेमिनरी सोडली, असे तेथे नाही. पापनिवेदन ऐकून पापमुक्ती उच्चारण्याचे जे काम धर्मगुरूला करावे लागते, तेच त्याला अशक्य वाटले. वेदीपाशी उभा राहू शकणारा माणूस क्षमेच्या उंबरठ्यावर अडखळला आणि मागे फिरला. असे मानले तर सेंट्रल पार्कमधील हत्याकांडाने नवा माणूस घडविला नाही. आधीच बंद असलेल्या दाराला कुलूप लावले.

येथेच सर्व विसंगत चित्रांच्या मुळाशी असलेला प्रश्न हाती लागतो. पनिशर दुःखाने घडला, की तो मुळात तसाच होता आणि दुःख हे त्याला मिळालेले निमित्त? पहिले खरे असेल तर तो आपल्या करुणेचा विषय आहे. दुसरे खरे असेल तर आपण ज्याला शोक म्हणतो, ती त्याने स्वतःला दिलेली सबब आहे. लेखकांमधील सारा झगडा या दोन टोकांमध्ये चाललेला दिसतो.

स्वर्गाचा सैनिक आणि शेजारचा माणूस

१९९० च्या दशकात पीक अमाप आले आणि त्याबरोबर तणही माजले. १९९४ साली पनिशरची गाठ चक्क रिव्हरडेलच्या हसऱ्या आर्चीशी घालून देण्यात आली. १९९५ साली गार्थ एनिस यांनी एका कल्पित पर्यायी कथेत दाखविले की कॅसलचे कुटुंब गुंडांच्या नव्हे, तर महानायकांच्याच लढाईत सापडून मरते आणि तो एकेक करून साऱ्या महानायकांना संपवितो. शेवटचा बळी डेअरडेव्हिलचा. त्याच्या मुखवट्याखालचा चेहरा ओळखल्यावर कॅसल स्वतःलाही जिवंत ठेवीत नाही. त्याच वर्षी बाजाराची घसरण होऊन तिन्ही मासिके बंद पडली.

१९९८ साली ख्रिस्तोफर गोल्डन आणि टॉम स्निगोस्की यांनी त्याला परत आणले ते अगदी निराळ्या रूपात. चित्रे बर्नी राइटसन यांची होती. कथेचे नावच ‘पर्गेटरी’, म्हणजे शुद्धिस्थान. कॅसलने आत्महत्या केलेली असते. त्याच्या कुटुंबाचे रक्षण करण्यात उणा पडलेला एक देवदूत त्याला उठवितो आणि दैवी शस्त्रे देऊन सैतानी शक्तींविरुद्ध लढायला पाठवितो. वाचकांनी ही कल्पना साफ झिडकारली. का झिडकारली? बंदूकवाल्या कथेत देवदूत शोभत नाहीत, हे एक कारण झाले. पण त्याहून खोल कारण असे वाटते की या कथेने कॅसलच्या हिंसेला स्वर्गाची मोहोर दिली. ज्याच्या कृत्यांविषयी मनात शंका राहावी, त्याच्या पाठीशी देवच उभा केला, तर प्रश्न उरत नाही आणि कथाही उरत नाही. शुद्धिस्थानाविषयीच्या आपल्या श्रद्धेत आत्मा शुद्ध होतो, त्याला नवी शस्त्रे मिळत नाहीत, हेही ओघाने आलेच.

२००० साली एनिस आणि चित्रकार स्टीव्ह डिलन यांनी ‘वेलकम बॅक, फ्रँक’ या बारा अंकांच्या कथेत त्या देवदूतांची एक-दोन वाक्यांत बोळवण केली. त्यांचा कॅसल एका जुनाट इमारतीत भाड्याच्या खोलीत राहतो. शेजारी एक भित्री बाई, एक पोरगेला तरुण आणि एक अतिलठ्ठ गृहस्थ. ते त्याला जेवणाला बोलावतात आणि वेळप्रसंगी जीव धोक्यात घालून लपवितात. कॅसलला मात्र त्यांच्याशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत.

याच कथेत त्याचे तीन अनुकरणकर्ते प्रकटतात. एक, बड्या कंपन्यांच्या संचालकांना मारणारा. दुसरा, आपल्या श्रीमंत वस्तीत ‘नको असलेली’ माणसे टिपणारा. आणि तिसरा, एक कॅथलिक धर्मगुरू! लोकांची पापनिवेदने ऐकून ज्याचे मन ढळले आहे आणि जो कुऱ्हाड घेऊन पश्चात्तापासाठी आलेल्यांनाच ठार मारतो. कॅथलिक वाचकाला हे पात्र बोचेल आणि बोचावेच. तरी त्यात चर्चची केवळ टिंगल आहे असे म्हणता येत नाही. क्षमा देण्याच्या आसनावर बसून जो शिक्षा देऊ लागतो, त्याच्याइतका भेसूर कोण? सेमिनरीतून परतलेला कॅसल आणि सेमिनरी पूर्ण करूनही क्षमेला मुकलेला हा धर्मगुरू यांना शेजारी ठेवून पाहावे. कॅसल निदान आपल्याला काय जमणार नाही हे ओळखून मागे फिरला होता. अखेरीस तिघे मोठ्या आशेने कॅसलला आपला पुढारी होण्याची विनंती करतात, तेव्हा तो त्या तिघांनाही गोळ्या घालतो. आपल्यासारखे कोणी होऊ नये, हे त्याचे एकमेव प्रवचन.

त्याच मालिकेत तो डेअरडेव्हिलला गच्चीवर साखळदंडाने जखडून त्याच्या हाताला पिस्तूल बांधतो. मला मार, नाहीतर मी तुझ्यासमोर एकाला मारतो, असा पेच त्याच्यापुढे टाकतो. डेअरडेव्हिल शेवटी चाप ओढतो, तर पिस्तुलातील टाचणीच काढून ठेवलेली असते. सज्जनाच्या हातूनही खुनाचा संकल्प घडू शकतो, हे कॅसलला सिद्ध करायचे असते. २०१६ साली दूरचित्रवाणी मालिकेसाठी हाच प्रसंग पुन्हा लिहिला गेला, तेव्हा डेअरडेव्हिलने पिस्तूल कॅसलवर न रोखता आपल्या साखळीवर झाडले. तोच प्रसंग, तीच माणसे, आणि उत्तर उलटे. पहिल्या लेखकाला माणसाच्या दुबळेपणाविषयी सांगायचे होते. दुसऱ्यांना पेचातूनही तिसरी वाट निघते हे दाखवायचे होते.

एनिस यांनी पुढे २००४ ते २००८ या काळात प्रौढांसाठी साठ अंक लिहिले. त्याआधी २००३ च्या ‘बॉर्न’मध्ये ते कॅसलला १९७१ च्या व्हिएतनाममध्ये घेऊन गेले. चौकी पडण्याच्या बेतात असताना एक अंधारी वाणी त्याला न संपणारे युद्ध देऊ करते आणि तो ते स्वीकारतो. किंमत काय, हे त्याला नंतर कळते. बायबल वाचणाऱ्याला अरण्यातील मोहाची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही. फरक इतकाच की हा माणूस मोहाला होकार देतो. जेसन ॲरन यांनी २०१० नंतरच्या मालिकेत आणखी निष्ठुर पाऊल टाकले. सेंट्रल पार्कमध्ये गोळ्या सुटण्याच्या क्षणभर आधी कॅसल पत्नीला घटस्फोट मागत होता, असे त्यांनी दाखविले. ज्या कुटुंबासाठी तो पुढे हजारोंचे रक्त सांडतो, ते कुटुंब जिवंत असताना त्याला नको झाले होते! २०२२ च्या मालिकेत त्याच लेखकाने मारियाला मरणातून परत आणले. आपल्या नावाने नवऱ्याने काय चालविले होते, हे समजल्यावर ती त्याची साथ सोडते.

कुटुंब कोणी मारले?

पडद्यावरील रूपांतरांत एकच प्रश्न विचारून पाहावा : कुटुंबाचा मृत्यू कोणामुळे झाला? मूळ कथेत ते योगायोगाने गुंडांच्या वाटेत आले. २००४ च्या चित्रपटात कॅसल हा गुप्तहेर खात्याचा माणूस आहे आणि एक धनाढ्य गुन्हेगार सूड म्हणून त्याचा सारा गोतावळा संपवितो. २०१७ च्या मालिकेत या हत्येमागे लष्करातील त्याच्याच वरिष्ठांचे कारस्थान निघते. योगायोग, सूड आणि मग शासनाचा विश्वासघात. अमेरिकन समाजाला ज्या त्या काळी ज्याची भीती वाटली, तो मारेकरी ठरला. युद्धही असेच बदलले. १९७१ मध्ये लढलेला माणूस आज धावपळ करू शकत नाही; म्हणून मालिकेत इराक आणि अफगाणिस्तान आले आणि २०१९ मध्ये मार्व्हलने सियानकाँग नावाचे एक काल्पनिक युद्धच निर्माण केले. पात्राला म्हातारे होऊ द्यायचे नाही, हा व्यवसायाचा हट्ट. त्यासाठी इतिहासालाच पुढे सरकवावे लागते.

येथे मराठी वाचकाला एक परिचित तुलना सुचेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ साली मुंबईहून सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने मराठीत ज्याला घरोघरी नेले, तो वेताळही कवटीचेच चिन्ह वापरतो. त्याच्या कुळाचा आरंभही सूडाच्या शपथेने होतो. पहिल्या वेताळाने ती पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतली होती. परंतु वेताळाच्या दोन हातांत दोन अंगठ्या आहेत. एक दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटविते. दुसरी ज्याला अभय दिले त्याला शुभचिन्ह देते. शिवाय वेताळाचे जनक ली फॉक यांनी १९३६ पासून १९९९ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या कथा स्वतः लिहिल्या, म्हणून त्याचा स्वभाव ढळला नाही. पनिशर हा संस्थेच्या मालकीचा. लेखक बदलला की आत्मा बदलला. आणि त्याच्याजवळ दुसरी अंगठी नाही.

कथेवाचून निघालेली कवटी

आतापर्यंतचा सारा वाद पुस्तकांतला होता. एकविसाव्या शतकात तो रस्त्यावर आला. इराक युद्धात अमेरिकन नौदलाच्या एका विशेष तुकडीने आपल्या साहित्यावर आणि वाहनांवर पनिशरची कवटी रंगविली. त्या तुकडीतील क्रिस काइल यांनी २०१२ च्या आत्मकथेत याचा अभिमानाने उल्लेख केला आहे. सैनिकांकडून ती पोलिसांकडे गेली. २०१७ साली केंटकी राज्यातील कॅटलेट्सबर्ग या लहान गावी पोलिसांच्या मोटारींवर कवटी झळकली आणि लोकांनी आक्षेप घेतल्यावर ती काढावी लागली. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसद भवनावर जमाव चालून गेला, तेव्हा काहींच्या अंगावर तेच चिन्ह होते.

कायद्याचे रक्षण करण्याची शपथ घेतलेल्यांनी कायदा झुगारणाऱ्याची खूण मिरवावी, यातील विपर्यास स्वतः कॉनवे यांनी वारंवार बोलून दाखविला. पनिशर हा न्यायव्यवस्थेच्या अपयशाचे प्रतीक आहे, तो पोलिसांचा आदर्श कसा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. २०२० साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीसाठी निधी उभारताना तीच कवटी नव्या अर्थाने वापरण्याचा उपक्रमही केला. २०१९ च्या एका अंकात लेखक मॅथ्यू रोझेनबर्ग यांनी कॅसललाच बोलते केले. दोन पोलीस कौतुकाने आपल्या मोटारीवरील कवटी त्याला दाखवितात. तो ती फाडून टाकतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे जा, असे त्यांना बजावतो. २०२२ मध्ये तर प्रकाशकांनी कवटीचा आकारच बदलून तिला शिंगे दिली. पण चिन्ह एकदा लोकांच्या हाती गेले की प्रकाशकाच्या आज्ञेने ते परत येत नाही.

हे असे का घडले असावे? चांगल्या लेखकांनी कॅसलला कधी एकटे सोडले नव्हते. त्याच्यासमोर स्पायडर-मॅनची निरागसता, डेअरडेव्हिलची सदसद्विवेकबुद्धी, शेजाऱ्यांची माया किंवा मारियाचा नकार, असे कोणीतरी सतत उभे केले होते. वाचकाने निवाडा करावा म्हणून ही दुसरी बाजू होती. कवटी कथेतून सुटली तेव्हा ही माणसे मागे राहिली आणि निव्वळ शिक्षा पुढे आली. टी-शर्टवर डेअरडेव्हिलचा प्रतिवाद छापता येत नाही.

ही कवटी आता आपल्याकडील तरुणांच्या कपड्यांवर आणि मोटारसायकलींवरही दिसते. ती घालणाऱ्या मुलाला दटावून काही साधेल असे वाटत नाही. त्यापेक्षा त्याला या माणसाची गोष्ट विचारावी. ठाऊक नसेल तर सांगावी. परस्परविरोधी कथांपैकी कोणतीही घेतली, तरी त्या एका बाबतीत एकमुखी आहेत : पन्नास वर्षे दंड देऊनही कॅसलला शांती मिळालेली नाही आणि त्याच्या वाटेने येणाऱ्याला तो स्वतःच हाकलून देतो. अन्याय पाहून पेटून उठणे हा तरुणपणाचा दोष नव्हे. ते न्यायबुद्धी जागी असल्याचे लक्षण आहे. त्या रागाला न्यायाची वाट दाखवायची की सूडाची, एवढाच प्रश्न असतो. आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने विचारले तेव्हा त्याला मर्यादा हवी होती आणि ती मिळाली नाही. कॅसलनेही सेमिनरीच्या दारात तोच हिशेब मांडला असावा. उत्तर झेपले नाही म्हणून तो परतला. त्या दारापासून सेंट्रल पार्कपर्यंतची त्याची वाट कोणत्याही लेखकाने अजून पुरती लिहिलेली नाही. ती लिहिली जाईल, तेव्हा त्याच्या साऱ्या विसंगत चरित्रांचा मेळ कदाचित तेथेच बसेल.